झेड४ साठी कुठलं सिंथेटिक ऑईल घालू? चार जणांनी चार ग्रेड सांगितलेत

रंकाळा_रोडस्टर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून लिहितोय.

गेल्या दिवाळीत बीएमडब्ल्यू झेड४ घेतली, सेकंड हँड. २०११ चं मॉडेल, एसड्राइव्ह३५आय. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, दोन टर्बो, ३०६ हॉर्सपॉवर. दोन दारांची गाडी घ्यायची हे शाळेत असल्यापासून डोक्यात होतं, बेचाळिसाव्या वर्षी जमलं. ६१ हजार किलोमीटर झालेत. सर्व्हिसची बिलं मिळाली, पण शेवटच्या दोन बिलांवर नुसतं 'इंजिन ऑईल सिंथेटिक ६.५ लि.' असं लिहिलंय. ग्रेड नाही, कंपनी नाही.

वापर असा: आठवड्यातून तीन-चार दिवस कोल्हापुरातच ताराबाई पार्क ते राजारामपुरी, म्हणजे तीन-चार किलोमीटर आणि तेवढंच परत. रविवारी पहाटे गगनबावडा, ५५ किलोमीटर. कधी करूळ घाट उतरून वैभववाडीत चहा आणि परत वर. घाट चढताना ऑईलच्या तापमानाचा काटा ११० च्या पुढे जातो. दोन महिन्यांतून एकदा पुणे.

आता घोळ ऐका. जानेवारीत डॅशबोर्डवर ऑईल कमी असल्याचा मेसेज आला. या इंजिनला ऑईल बघायची काडीच नाही, सगळं सेन्सरवर. रस्त्यात एका गॅरेजला थांबलो, त्यांनी ड्रममधून लिटरभर ऑईल ओतलं. कुठलं म्हणून विचारलं तर "चांगलं आहे, सगळ्या गाड्यांना हेच घालतो." घरी येऊन मोजलं तर पातळी कमाल खुणेच्या वर. तेव्हापासून गाडी जोरात चालवायचं मन होत नाही. आत काय काय मिसळलंय हेच कळेना.

पूर्ण ऑईल बदलायचं ठरवलं आणि विचारायला गेलो. एक मिस्त्री म्हणाले, स्पोर्ट्स कार आहे, १०डब्ल्यू-६० च पाहिजे. दुकानदार म्हणाले, ५डब्ल्यू-३० सिंथेटिक, कुठल्याही कंपनीचं घ्या. चुलत भाऊ त्याच्या नव्या गाडीत ०डब्ल्यू-२० घालतो, तो म्हणतो गाडी हलकी पळते, तेच घाल. आणि आमच्या वडिलांनी तीस वर्षं उसाचे ट्रॅक्टर सांभाळले, त्यांचं म्हणणं १५डब्ल्यू-४० घाल आणि वेळेवर बदल, बाकी काही लागत नाही. वडिलांच्या ट्रॅक्टरचं इंजिन कधी बसलं नाही, त्यामुळं त्यांचं बोलणं मी उडवून लावू शकत नाही.

नेमकं काय घालू? आणि आत्ता जे मिसळलंय ते लगेच काढू, की पुढच्या महिन्यात सर्व्हिसला काढलं तरी चालेल?

---

घाटवळण

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: उद्याच काढ. कुठलं ऑईल मिसळलं यापेक्षा पातळी जास्त झालीय याची मला काळजी वाटते. ऑईल जादा झालं की क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाची फिल्म, म्हणजे पातळ थर, बेअरिंगला धरत नाही. वरून ऑईलची वाफ हवा आत घेणाऱ्या इनटेककडं ओढली जाते ती वेगळीच. तोपर्यंत घाट नको. राजारामपुरीपर्यंत सुद्धा दुसरी गाडी ने.

ग्रेडचं क्रँकवाले काका सांगतील. त्यांची वाट बघ.

---

क्रँकवाले_काका

शिवाजी उद्यमनगरात २७ वर्षं क्रँक ग्राइंडिंग करतोय. शेतावरच्या ऑईल इंजिनापासून जर्मन गाड्यांपर्यंत सगळ्यांचे क्रँक टेबलावर येऊन गेलेत. ऑईल चुकलं की काय होतं ते मला डब्यावरचं वाचून कळलेलं नाही, बेअरिंग हातात घेऊन कळलंय. म्हणून आधी बेअरिंग सांगतो, मग ऑईल.

बिग एंडचं, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला पकडतो तिथलं, बेअरिंग म्हणजे अर्ध्या बांगडीसारखा पातळ पत्रा. पाठ पोलादाची, त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचा थर, आणि सगळ्यात वर मऊ राखाडी धातूचा मुलामा. हा मुलामा साधारण २० मायक्रॉनचा. माणसाचा केस त्याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. चांगल्या इंजिनातलं बेअरिंग खोललं की सगळीकडं एकसारखं मंद राखाडी दिसतं, नखानं ओरखडा उठेल इतकं मऊ. ज्याची फिल्म तुटली त्याच्या मधोमध तांबूस पट्टा दिसतो. तो पट्टा दिसला की समजायचं, इथं लोखंडाला लोखंड भेटायला निघालं होतं. फुल थ्रॉटलला क्रँक आणि बेअरिंग यांच्यात ऑईलचा जो पडदा उरतो तो एक-दोन मायक्रॉनचा. तुझं सगळं इंजिन त्या पडद्यावर तरंगतंय.

आता तुझे चार सल्ले एकेक करून बघू.

डब्यावर ५डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं त्यात 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीचा. ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ अंशाला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. आपल्या कोल्हापुरात डिसेंबरच्या पहाटे स्वेटर घालून रंकाळ्यावर फिरायला जातो तेवढीच थंडी. म्हणजे ० घेतलं काय आणि ५ घेतलं काय, तुला फरक पडत नाही. मागचा आकडा १०० अंशाला तापलेल्या ऑईलच्या जाडीचा. ४० म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक (ऑईलची जाडी मोजायचं माप), ३० म्हणजे ९.३ ते १२.५, २० म्हणजे ६.९ ते ९.३.

पण बेअरिंगमध्ये ऑईल १०० अंशाला निवांत बसलेलं नसतं. तिथं ते १५० पर्यंत तापतं आणि प्रचंड वेगानं चिरडलं जातं. त्या अवस्थेतली जाडी मोजायची वेगळी चाचणी आहे, तिला एचटीएचएस म्हणतात. खरा आकडा हा, आणि तो डब्याच्या पुढच्या बाजूला कुणी छापत नाही. तुझ्या इंजिनाला तो ३.५ किंवा जास्त पाहिजे.

इथं दुकानदाराचं चुकलं. ५डब्ल्यू-३० हे चालतं, पण 'कुठलंही' चालत नाही. बाजारातल्या एका ५डब्ल्यू-३० चा एचटीएचएस ३.० असेल, दुसऱ्याचा ३.५. दोन्ही डबे शेजारी शेजारी, ग्रेड तोच, किंमतही आसपास, आणि तुझ्या क्रँकच्या दृष्टीनं दोन वेगळी ऑईलं. भावाचं ०डब्ल्यू-२० तर २.६ पासून सुरू होतं. त्याच्या गाडीचं इंजिन त्याच हिशोबानं बनवलंय, पंप, बेअरिंगमधल्या फटी, सगळं. तुझं नाही. तुझ्यात ते घालू नकोस.

१०डब्ल्यू-६० हे बीएमडब्ल्यूनं सांगितलंय हे खरं, पण ते त्यांच्या 'एम' विभागाच्या, म्हणजे रेसिंगच्या वळणाच्या, ठराविक इंजिनांसाठी. ई४६ एम३, ई६० एम५, ई९२ एम३ या गाड्यांची इंजिनं आठ हजार आरपीएमच्या आसपास फिरणारी, बिनटर्बोची. नुसतं 'स्पोर्ट्स कार' म्हणून ते घालायचं नसतं. तुझ्या इंजिनात जाड ऑईल घातलं तर प्रेशर जास्त दिसेल, आणि प्रेशर दिसलं की मिस्त्री खूश होतो. पण प्रेशर म्हणजे प्रवाह नव्हे. जाड ऑईल घर्षणानं जास्त तापतं, सकाळी टर्बोच्या बारीक नळीतून उशिरा पोचतं, आणि तुझं व्हॅनोस, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचं टायमिंग बदलणारी यंत्रणा, ऑईलच्याच दाबावर चालते. तिला ठरलेल्या जाडीचं ऑईल लागतं.

वडिलांचं १५डब्ल्यू-४० गरम असताना बेअरिंग नक्की सांभाळेल, त्यात ते चुकलेले नाहीत. अडचण दुसरीकडं आहे. तुझं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, इनटेक व्हॉल्व्हवरून जात नाही, त्यामुळं व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत. ऑईलची वाफ ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून, येऊन त्या व्हॉल्व्हवर चिकटते आणि काजळीचे थर चढतात. मग हेड न उतरवता अक्रोडाच्या टरफलाचा भुगा मारून ते साफ करावे लागतात. म्हणून कमी उडणारं ऑईल पाहिजे. त्याची चाचणी २५० अंशाला एक तास तापवून करतात, आणि युरोपच्या ए३/बी४ वर्गात १३ टक्क्यांपेक्षा जास्त उडालेलं चालत नाही. ट्रॅक्टरच्या इंजिनाला ही काळजीच नसते, कारण तिथं दोन टर्बोही नाहीत आणि साडेसहा-सात हजार आरपीएमही नाहीत.

मग घ्यायचं काय? डबा उलटा करायचा आणि मागच्या बारीक अक्षरात 'बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०१' शोधायचं. एवढं एकच. हा शिक्का ज्या ऑईलला मिळाला त्यात ३.५ चा एचटीएचएस, कमी उडणं, टर्बोत न जळणं, हे सगळं तपासून झालेलं असतं. तुला परत अभ्यास करायला नको. शिक्का असेल तर ०डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-३० यातलं काहीही चालेल. आपली गरमी आणि तुझा घाट बघता मी ५डब्ल्यू-४० घेईन. शेल हेलिक्स अल्ट्रा ५डब्ल्यू-४०, मोट्युल ८१०० एक्स-सेस ५डब्ल्यू-४०, लिक्वी मोलीचं लाइक्टलाउफ हाय टेक ५डब्ल्यू-४०, यातलं जे मिळेल ते. पण मी सांगतो म्हणून घेऊ नकोस, हातातल्या डब्यावर वाचून घे. कंपन्या फॉर्म्युला बदलतात, तसे शिक्केही बदलतात. आणि 'अप्रूव्हल' आणि 'साठी योग्य' या दोन शब्दांत फरक आहे. पहिला बीएमडब्ल्यू देते, दुसरा ऑईलवाला स्वतःच लिहितो.

'सिंथेटिक' या शब्दावर जाऊ नकोस. १९९९ साली अमेरिकेत जाहिरातींच्या निवाडा मंडळापुढं यावर भांडण झालं आणि हायड्रोक्रॅक केलेल्या, म्हणजे हायड्रोजननं मोडून शुद्ध केलेल्या, खनिज तेलालाही सिंथेटिक म्हणता येईल असं ठरलं. जर्मनीत 'पूर्ण सिंथेटिक' म्हणायला अजून पीएओ किंवा एस्टर, म्हणजे रसायनं जोडून बनवलेलं तेल, लागतं. हायड्रोक्रॅकचं ऑईल वाईट असतं असं अजिबात नाही, बरीच उत्तम ऑईलं त्याचीच आहेत. पण तो शब्द तुला काहीच सांगत नाही, मागचा शिक्का सांगतो.

---

पन्हाळा_पहाट

काकांनी सगळं सांगितलं, तरी एक विचारतो. माझा मित्र मोट्युल ३००व्ही घालतो. एस्टरचं आहे, रेसिंगचं. घाटात जाणाऱ्या गाडीला ते जास्त चांगलं नाही का? आणि लाँगलाइफ-०४ लिहिलेले डबे मला जास्त दिसतात, ते नवीन असल्यानं जास्त चांगलं असेल ना?

---

क्रँकवाले_काका

३००व्ही जबरदस्त ऑईल आहे, त्याच्या दर्जाबद्दल शंका नाही. मोहिते ट्रॅकवर गाडी घेऊन दिवसभर फिरणार असशील आणि दोन-तीन हजार किलोमीटरला काढणार असशील तर खुशाल घाल. पण त्यावर कुठल्याच गाडी कंपनीचा शिक्का नाही, कारण ते वर्षभर गाडीत ठेवायला बनवलेलंच नाही. राजारामपुरीच्या सिग्नलला उभ्या राहणाऱ्या गाडीला मळ धरून ठेवणारं, आम्ल मारणारं ऑईल पाहिजे.

लाँगलाइफ-०४ मध्ये ऑईल जळल्यावर उरणारी राख कमी ठेवलेली असते, ती डिझेल गाड्यांच्या धुराच्या फिल्टरसाठी. राख कमी म्हणजे आम्ल मारणारा क्षारही कमी. पेट्रोलमध्ये गंधक जास्त असताना ते लवकर संपायचं, म्हणून बीएमडब्ल्यूनं पेट्रोल गाड्यांसाठी ते युरोपपुरतं ठेवलं होतं. एप्रिल २०२० पासून आपलं पेट्रोलही १० पीपीएम, म्हणजे दहा लाखात दहा भाग, गंधकाचं झालंय, त्यामुळं अडलं-नडलं तर ०४ नं इंजिन बसणार नाही. पण ०१ मिळत असताना ०४ का घ्यायचं? तो आकडा नव्या-जुन्याचा नाही, वेगळ्या कामाचा आहे. लाँगलाइफ-१७ एफई प्लस मात्र घेऊ नका, ते ०डब्ल्यू-२० आहे आणि या इंजिनाला नाही.

रोडस्टर, एक गोष्ट लिहायची राहिली, आणि माझ्या मते ग्रेडपेक्षा ती महत्त्वाची आहे. तुझे तीन किलोमीटर. इंजिन गार असताना पेट्रोल जास्त सोडलं जातं, त्यातलं थोडं पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून ऑईलमध्ये मिसळतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. आपल्याच कारखान्यांच्या मळीतलं आणि उसाच्या रसातलं, त्याबद्दल तक्रार नाही, पण इथेनॉल पाणी धरतं. जळताना तयार होणारी वाफही गार इंजिनात पाणी होऊन खाली बसते. पावसाळ्यात ऑईल भरायचं झाकण उघडलंस आणि आतून लोण्यासारखा पांढरट थर दिसला तर तो हाच. पाणी आणि पेट्रोल उडायला ऑईल चांगलं तापावं लागतं, आणि ताराबाई पार्क ते राजारामपुरीत ते कोमट सुद्धा होत नाही. तुझा रविवारचा गगनबावडा म्हणजे इंजिनाला औषध आहे, तो चुकवू नकोस.

आणि म्हणूनच वडील बरोबर आहेत. वेळेवर बदल. गाडी स्वतः पंचवीस हजार दाखवेल, तिकडं बघू नकोस. वर्ष किंवा आठ हजार, जे आधी येईल ते. पाच हजारच झाले असतील तरी वर्ष झालं की काढ.

---

घाटवळण

बदलताना लक्षात ठेवायचं तेवढं सांगतो, मी माझी गाडी स्वतः करतो. या इंजिनाचा फिल्टर वरून निघतो, पण झाकणाला ८६ मिलिमीटरचा कप पाना लागतो. साध्या पट्ट्याच्या पान्यानं झाकण चिरतं. झाकणावरच २५ न्यूटन-मीटर छापलेलं आहे, तेवढंच आवळ. फिल्टरबरोबर रबरी रिंग येते ती नवीनच घाल, ऑईल लावून. ड्रेन प्लगचा वॉशर नवीन. तो प्लग बसतो ते खालचं ऑईल पॅन अॅल्युमिनियमचं आहे, जोर लावायचा नाही.

कॅनचं सील तुझ्यासमोर तुटलं पाहिजे. आणि रिकामा कॅन तिथं सोडू नकोस. भोक पाडून घरी आण. भरलेले बनावट कॅन तयार होतात ते अशाच सोडलेल्या कॅनमधून.

---

रंकाळा_रोडस्टर

झालं काम, म्हणून लिहितोय.

५डब्ल्यू-४० घेतलं, डब्याच्या मागं लाँगलाइफ-०१ अप्रूव्हल स्वच्छ लिहिलेलं. दुकानात उभा राहून चार डबे उलटे केले. दोन डब्यांवर 'साठी योग्य' असंच होतं, काका, तुम्ही सांगितलं नसतं तर मला ते कळलंच नसतं. एक पाच लिटरचा कॅन आणि दोन एकेक लिटरचे.

काल सकाळी ओळखीच्या मिस्त्रींच्या रॅम्पवर गाडी घेतली. वडीलही आले होते, बॅटरी धरून खाली उभे. गाडी दहा किलोमीटर फिरवून आणली होती म्हणून ऑईल गरम होतं, भसकन आलं. सगळं एका मापाच्या डब्यात धरलं. ७.३ लिटर भरलं! म्हणजे जवळजवळ लिटरभर जादा घेऊन मी दोन महिने फिरत होतो. वडिलांनी दोन बोटांत चोळून बघितलं, वास घेतला आणि म्हणाले, "यात पेट्रोल आहे." खरंच वास येत होता. ट्रॅक्टरमध्ये डिझेल उतरलं की ते असंच ओळखायचे.

फिल्टर कापून कागद पूर्ण उलगडला, उन्हात धरून बघितला. चमकणारं काही नाही. काका, तुमचा तांबूस पट्टा डोक्यात बसला होता, त्यामुळं तो कागद मी दोनदा बघितला. झाकणाखाली थोडा पांढरट थर होता, पुसून घेतला. नवीन ऑईल ६.५ लिटर मोजून घातलं.

आज पहाटे गगनबावडा. साळवणच्या पुढं काटा १०० वर आला आणि चढावर ११० च्या पुढं गेला, पूर्वीसारखाच. वर पोचल्यावर सपाट जागा बघून गाडी उभी केली आणि पातळी मोजायला लावली. एक मिनिट स्क्रीनवर घड्याळ फिरत राहिलं, मग पट्टी आली, कमाल खुणेच्या किंचित खाली. वडील शेजारी बसले होते. त्यांना काडी नसलेलं इंजिन अजून पटत नाही. परत येताना त्यांनी विचारलं, पुढचं कधी बदलायचं? मी म्हटलं, पुढच्या होळीला, किलोमीटर कितीही झालेले असोत. त्यांनी डायरीत लिहून घेतलं.

उरलेलं अर्धा लिटर डिकीत ठेवलंय, तारीख आणि ग्रेड मार्करनं लिहून. परत कधी मेसेज आला तर यातलंच घालणार. बाकीचे कॅन भोक पाडून घरी आणले.

---

क्रँकवाले_काका

७.३ बघून पोटात गोळा आला. कागदात चमक नाही म्हणजे वाचलास. महिन्यातून एकदा गरम इंजिनावर, सपाट जागेवर पातळी बघत जा आणि वहीत मांडत जा. हजार किलोमीटरला किती कमी होतं ते दिवाळीपर्यंत कळेल, मग इथंच लिही.